निवडक गाईची वासरे वाढवायची कशी? कृत्रिम रेतनापासून आयव्हीएफपर्यंत

चांगली दुधाळ गाय तिच्या आयुष्यात फार तर सहा-सात वेळा विते. त्यातली साधारण निम्मी वासरे गोऱ्हे निघतात, एखादे लहानपणीच दगावते, आणि एवढ्या चांगल्या गाईच्या मागे गोठ्यात दोन किंवा तीन कालवडी उरतात. त्याही आईसारख्याच निघतील याची खात्री नसते, कारण त्यांच्या रक्तात निम्मा वाटा वळूचा असतो. गाईच्या बीजांडकोशात मात्र ती जन्मते तेव्हाच लाखाहून अधिक बीजांडे असतात. दर एकवीस दिवसांनी त्यांतली काही वाढू लागतात, एकच पक्व होऊन सुटते आणि बाकीची जिरून जातात. म्हणजे बीजांडांची टंचाई मुळीच नसते. ती वापरली जात नाहीत. दुधाळ जनावरांच्या प्रजननात गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जी तंत्रे आली, त्या सगळ्यांनी निवडलेल्या नर-मादीकडून निसर्गतः मिळाली असती त्याहून अधिक वासरे मिळवण्याचेच काम केले आहे. ही तंत्रे दूध वाढवत नाहीत. आपण ज्या जनावराची निवड केली, त्याची संख्या ती वाढवतात. हा फरक लक्षात ठेवला नाही, तर पुढचे सगळे तंत्र महागड्या चमत्कारासारखे वाटू लागते.

सुरुवात वळूच्या बाजूने झाली, कारण ती सोपी होती. वळूच्या एका वेळच्या वीर्यात कित्येक अब्ज शुक्रजंतू असतात आणि एक गाय गाभण राहण्यासाठी गर्भाशयात सुमारे दोन कोटी सोडले तरी पुरतात. त्यामुळे एकदा गोळा केलेल्या वीर्यातून काही शे मात्रा तयार होतात. भारतात गाईचे पहिले कृत्रिम रेतन १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर झाले. त्या काळी वीर्य ताजेच वापरावे लागे आणि ते फार लांब नेता येत नसे. १९४९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना असे आढळले की ग्लिसरॉल मिसळले तर शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात, आणि तिथून या विद्येचे रूपच पालटले. आज वीर्य पाव मिलिलिटरच्या बारीक कांडीत भरून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. नायट्रोजनची पातळी राखली, तर ते कित्येक वर्षे टिकते. वळू मेल्यानंतरही त्याची वासरे जन्मू शकतात. महाराष्ट्रात गावोगावी ही सोय पोहोचवण्यात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेचा मोठा वाटा आहे. गोठवलेले वीर्य घेऊन शेतकऱ्याच्या दारात जाऊन रेतन करण्याची पद्धत तिने रुजवली.

इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे प्रत्यक्ष गोठ्यांमध्ये एका रेतनात साधारण तीनांपैकी एकच गाय गाभण राहते. दोष नेहमी कांडीला दिला जातो, पण तो बहुधा वेळेचा असतो. माज, म्हणजे गाय फळण्यास तयार असण्याचा काळ, साधारण बारा ते अठरा तास टिकतो, देशी गाईंमध्ये त्याहूनही कमी, आणि बीजांड सुटते ते माज संपल्यानंतर दहा-बारा तासांनी. सुटलेले बीजांड थोडेच तास फलनक्षम राहते. म्हणून सकाळी माजावर आलेली गाय त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी, हा जुना नियम आजही उत्तम आहे. गाय हंबरते, दुसऱ्या गाईने अंगावर उडी घेतली तर स्थिर उभी राहते, योनीतून काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव, म्हणजे सोट, टाकते, दूध एकदम कमी देते. ही लक्षणे पाहणारे माणूस गोठ्यात हवे. दिवसभर दावणीला बांधलेल्या संकरित गाईत किंवा उन्हाळ्यात म्हशीत माज मुका जातो, आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही तर एकवीस दिवस वाया जातात. कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवायची असते. ती हवेत हलवून किंवा मुठीत चोळून वितळवणारे लोक अजूनही भेटतात, आणि त्यांना कोणी हटकतही नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

यापुढचा प्रश्न कालवडीचा. वासरू नर होणार की मादी हे सर्वस्वी वळूच्या शुक्रजंतूवर ठरते. गाईचा त्यात काहीही हात नसतो. एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्रजंतूपासून कालवड होते आणि वाय गुणसूत्र असलेल्यापासून गोऱ्हा. एक्स गुणसूत्र आकाराने मोठे असल्यामुळे गोवंशात त्या शुक्रजंतूतील डीएनए सुमारे ३.८ टक्के अधिक भरते, आणि लिंगवर्गीकृत वीर्याचे प्रचलित तंत्र या एवढ्याशा फरकावर उभे आहे. शुक्रजंतूंना डीएनएला चिकटणारा चमकणारा रंग देतात आणि एकेक शुक्रजंतू लेझरच्या किरणासमोरून सोडतात. ज्यात डीएनए अधिक तो अधिक चमकतो. यंत्र त्या थेंबाला विद्युतभार देते आणि तो वेगळ्या नळीत वळवते. असे वेगळे केलेले वीर्य वापरले की सुमारे नव्वद टक्के वासरे कालवडी निघतात.

शेतीकामातून बैल कमी झाले, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात वळू-बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. गोऱ्ह्याचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक दूध उत्पादकापुढे आहे, आणि म्हणून हे तंत्र इथे वेगाने लोकप्रिय झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या लिंगवर्गीकरण तंत्राचे अनावरण झाले; प्रत्येक मात्रेची किंमत सुमारे दोनशे रुपयांनी उतरावी, असा हेतू त्या वेळी जाहीर केला होता. पण या कांडीची मर्यादाही ठाऊक हवी. रंग, लेझर आणि दाब यांतून गेलेले शुक्रजंतू थोडे दमलेले असतात आणि कांडीत त्यांची संख्या नेहमीच्या दोन कोटींऐवजी वीस ते चाळीस लाख इतकीच असते. त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण नेहमीच्या कांडीपेक्षा काहीसे कमी येते. निरोगी, पुरेशा वजनाच्या, स्पष्ट माज दाखवणाऱ्या कालवडीवर ती वापरणे शहाणपणाचे. तीनदा उलटलेल्या, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर आलेल्या, गाईवर ती वापरून पैसे घालवणे शहाणपणाचे नव्हे.

आतापर्यंतची सगळी वाढ वळूच्या बाजूची झाली. गाईच्या बाजूचा पहिला मार्ग म्हणजे भ्रूण प्रत्यारोपण. १९५१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे एका गाईचा भ्रूण दुसऱ्या गाईच्या पोटात वाढून वासरू जन्माला आले. व्यवहारात ही पद्धत अशी चालते: जिचे भ्रूण हवेत त्या दाता गाईला चार दिवस सकाळ-संध्याकाळ संप्रेरकाची इंजेक्शने देतात, त्यामुळे एकाऐवजी कित्येक बीजांडे एकाच वेळी पक्व होतात. माजावर आल्यावर तिला उत्तम वळूच्या वीर्याने भरवतात आणि सातव्या दिवशी, शस्त्रक्रिया न करता, गर्भाशयात नळी घालून विशिष्ट द्रावणाने भ्रूण धुऊन बाहेर काढतात. या वयाचा भ्रूण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढाही नसतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली शोधावा लागतो. एका वेळी सरासरी पाच-सहा चांगले भ्रूण मिळतात. पण सरासरी फसवी असते, कारण काही गाई पंधरा भ्रूण देतात आणि काही एकही देत नाहीत, आणि कोणती गाय कशी निघेल हे आधी नीट सांगता येत नाही. शिवाय संप्रेरकांचा हा भार गाईवर वारंवार टाकता येत नाही.

आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर केलेले फलन, ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवते. इथे बीजांड सुटण्याची वाटच पाहत नाहीत. गाईला शेपटीच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर बीजांडकोश पाहत, योनिमार्गातून लांब सुई नेऊन वाढत असलेल्या पुटिकांमधील, म्हणजे बीजांड असलेल्या द्रवाच्या बारीक पिशव्यांमधील, बीजांडे ओढून घेतात. हे काम पाऊण तासाच्या आत उरकते आणि आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा करता येते. गाय दूध देत असली, भाकड असली, अगदी सुरुवातीच्या काही आठवड्यांत गाभण असली तरी चालते, आणि वयात न आलेल्या कालवडीपासूनही बीजांडे घेता येतात. मिळालेली बीजांडे प्रयोगशाळेत साडेअडतीस अंशांच्या उबेत सुमारे चोवीस तास पक्व होऊ देतात, मग सुमारे अठरा तास शुक्रजंतूंच्या सहवासात ठेवतात, आणि फलन झालेली बीजांडे पोषक द्रावणात सातव्या दिवसापर्यंत वाढवतात. एकाच कांडीतील वीर्य अनेक बीजांडांना पुरते. त्यामुळे महागडे लिंगवर्गीकृत वीर्यही इथे काटकसरीने वापरता येते.

आयव्हीएफने गाईचे पहिले वासरू १९८१ मध्ये अमेरिकेत जन्माला आले. म्हशीच्या बाबतीत पहिलेपणाचा मान भारताकडे आहे: आयव्हीएफने जन्मलेले जगातले पहिले रेडकू, ‘प्रथम’, १९९० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत जन्मले. तरीही म्हैस या तंत्राला आजही अवघडच जाते, कारण तिचा बीजांडकोश लहान आणि त्यातील पुटिका कमी. देशी गाय याच्या उलट आहे. वशिंड असलेल्या गाईंच्या बीजांडकोशात एका वेळी वाढणाऱ्या पुटिका विदेशी गाईंपेक्षा बऱ्याच अधिक असतात, आणि बहुतेक वेळा संप्रेरके न देताही त्यांच्याकडून भरपूर बीजांडे मिळतात. ब्राझील गोवंशाच्या आयव्हीएफमध्ये जगात आघाडीवर गेला, त्याचे एक मोठे कारण हे आहे. तिथला गीर गोवंश आपल्या काठियावाडातून गेलेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर भावनगरहून नेलेल्या ‘कृष्णा’ नावाच्या वळूचे वंशज तिथे आजही मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी दुधाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या, निवड केली आणि मग आयव्हीएफने ती निवड वाढवली. आपल्याकडे आता ब्राझीलच्या गीर वळूच्या कांडीची चौकशी होते तेव्हा तिथल्या हवेचे कौतुक ऐकू येते, पण नोंदवहीचे कोणी काढत नाही.

जाहिरातीत एका गाईपासून वर्षाला किती वासरे मिळतील याचे मोठे आकडे असतात, म्हणून कागदावर साधा हिशेब मांडून पाहावा. एका खेपेला वीस बीजांडे मिळाली असे धरू. त्यांतून सातव्या दिवसापर्यंत टिकणारे भ्रूण साधारण तीसेक टक्के, म्हणजे सहा. ते सहा गाईंमध्ये सोडले, तर चांगल्या व्यवस्थापनात दोन, फार तर तीन गाभण राहतात. निसर्गाच्या मानाने हे प्रचंड आहे, कारण हीच खेप पुन्हा पुन्हा घेता येते; पण त्यासाठी सहा निरोगी गाई, ठरलेल्या दिवशी, तयार हव्यात. आयव्हीएफची खरी नड तिथे आहे. प्रयोगशाळा पैशाने उभी राहते, पण चांगल्या ग्रहिता गाई एका दिवसात उभ्या राहत नाहीत.

ग्रहिता गाय म्हणजे भ्रूण आपल्या पोटात वाढवणारी गाय. कोंबडीखाली बदकाची अंडी उबवावीत तसा हा प्रकार: वासरू रंग, रूप आणि दुधाचा वंश दाता गाईकडून आणि वळूकडून घेते, ग्रहितेचा त्यात अंशही नसतो. त्यामुळे गावठी गाईच्या पोटी शुद्ध गीर किंवा साहिवाल कालवड जन्मू शकते, आणि शेजारीपाजारी आश्चर्य करतात. पण वंश देत नसली तरी बाकी सगळे ग्रहितेनेच द्यायचे असते. भ्रूण सात दिवसांचा असेल, तर तिचे गर्भाशयही माजानंतर सातव्या दिवसाच्या अवस्थेत हवे. एखाद्या दिवसाचा फरक चालतो, त्याहून अधिक नाही. त्यासाठी इंजेक्शने देऊन अनेक गाई एकाच वेळी माजावर आणतात, आणि सातव्या दिवशी तपासून ज्या बीजांडकोशावर पीतपिंड स्पष्ट तयार झाला असेल त्याच बाजूच्या गर्भशृंगात भ्रूण सोडतात. पीतपिंड गर्भ टिकवणारे संप्रेरक सोडतो. इथे निसर्गाची एक अतिशय नाजूक देवाणघेवाण चालते: सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूण एक प्रथिन सोडून ‘मी आहे’ असे गर्भाशयाला कळवतो. तो निरोप वेळेवर पोहोचला नाही, तर गर्भाशय पीतपिंड विरघळवते आणि गाय पुन्हा माजावर येते. मालकाला वाटते की गाय राहिलीच नव्हती. अशक्त गाय, उन्हाचा ताण, खनिजांची कमतरता, आतल्या आत मुरलेला गर्भाशयाचा दाह, यांपैकी काहीही असले तर प्रयोगशाळेची आठ-नऊ दिवसांची मेहनत इथे वाया जाते.

भ्रूण गोठवून ठेवता येतात, पण आयव्हीएफचे भ्रूण गोठवणे-वितळवणे धुऊन काढलेल्या भ्रूणांइतके चांगले सोसत नाहीत. म्हणून ताजे भ्रूण आणि तयार गाई यांची एकाच दिवशी गाठ घालण्याची धावपळ करावी लागते. अधिक लाभाच्या आशेने एका गाईत दोन भ्रूण सोडण्याचा मोहही टाळावा: जुळ्यांत एक नर आणि एक मादी आली, तर पोटातच नराच्या संप्रेरकांचा परिणाम होऊन दहांतील नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. आयव्हीएफच्या काही वासरांचे जन्मवजन फार वाढून गाय अडते, असा अनुभव सुरुवातीच्या काळात बराच आला. पोषक द्रावणातील रक्तद्रवाचा वापर कमी केल्यावर तो त्रास घटला, पण पूर्ण गेलेला नाही. क्लोनिंग, म्हणजे एका जनावराची हुबेहूब जनुकीय प्रत जन्माला घालणे, हा तर वेगळाच विषय. कर्नालला २००९ मध्ये ‘गरिमा’ ही म्हैस आणि २०२३ मध्ये ‘गंगा’ ही गीर कालवड त्या मार्गाने जन्मली. विज्ञान म्हणून ते मोठे आहे, पण गोठ्यातल्या माणसाने त्यात सध्या लक्ष घालण्याचे कारण नाही.

मूळ प्रश्न कोणाची वासरे वाढवायची हा आहे. वळूला दूध नसते. त्याची किंमत त्याच्या मुलींच्या दुधावरून कळते, आणि त्यासाठी पूर्वी पाच-सहा वर्षे थांबावे लागे. २००९ पासून अमेरिकेत वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून त्याच्या वंशगुणांचा अंदाज देणारी जनुकीय निवड अधिकृतपणे सुरू झाली. आपल्याकडे गाई आणि म्हशींसाठी अशा जनुकीय तपासणीच्या चिप २०२४ मध्ये वाशीमच्या त्याच कार्यक्रमात सादर झाल्या. पण चिप स्वतःहून काही सांगत नाही. हजारो गाईंचे प्रत्यक्ष मोजलेले दूध आणि त्यांचे जनुक यांची सांगड आधी घातलेली असेल, तरच नव्या वासराबद्दल अंदाज बांधता येतो. देवणी, लाल कंधारी, डांगी या आपल्या देशी जातींच्या अशा नोंदी होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीच्या मानाने फारच थोड्या आहेत, आणि ही उणीव कोणत्याही यंत्राने भरून निघणारी नाही.

निवड चुकली किंवा फार अरुंद झाली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ या होल्स्टीन वळूला कृत्रिम रेतनामुळे सुमारे सोळा हजार मुली, पाच लाख नाती आणि वीस लाखांहून अधिक पणत्या झाल्या. त्याच्या मुलींचे दूध खरोखरच उत्तम होते. पण त्याच्या एका जनुकात घातक दोष दडलेला होता. आई आणि बाप दोन्हींकडून तो आला, तर गर्भ पोटातच मरतो. कित्येक दशके लोकांना फक्त गाई उलटताना दिसत होत्या. २०११ मध्ये जनुकीय माहितीचे ढीग चाळताना असे लक्षात आले की तो दोष दोन्हीकडून आलेले एकही जिवंत जनावर सापडत नाही, आणि कारण उलगडले. त्या दोषामुळे जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भ गेले असावेत, असा अंदाज पुढे मांडला गेला. जिथे एका वळूच्या लाखो नाती होऊ शकतात तिथे त्याचा छोटा दोषही लाखोंच्या घरात जातो. आयव्हीएफने आता गाईच्या बाजूनेही हे शक्य होत आहे. म्हणून एकाच गीर दाता गाईची शंभर वासरे एका तालुक्यात वाटून पुन्हा त्यांचाच आपसात संकर होऊ देणे मला धोक्याचे वाटते, त्या गाईने कितीही दूध दिले असले तरी.

पाच-सहा गाई असलेल्या घराने यातून काय घ्यावे? माझ्या मते आधी माज पाहणे, खनिज मिश्रण, साठाव्या दिवशी गाभण तपासणी आणि रेतनाच्या वेळी वळूचा क्रमांक लिहून घेणे. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर ही नोंद ऑनलाइन चढवण्याची सोय आहे, ती झाली का हे विचारावे. त्यानंतर कालवडींवर लिंगवर्गीकृत कांडी. आयव्हीएफसाठी स्वतःची दाता गाय असण्याची गरज बहुतेकांना नाही. भ्रूण विकत घेऊन आपल्या गाईत सोडून घेणे हा त्यांचा मार्ग आहे, आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ मिशन या योजनेत गाभण ठरलेल्या प्रत्येक गाईमागे पाच हजार रुपयांचे अनुदान ठरवलेले आहे. करार करताना दाता गाईच्या दुधाची नोंद कोणी आणि कशी मोजली, वळू कोणता, वंश सिद्ध करणारी डीएनए तपासणी होणार का, दाता गाय सांसर्गिक गर्भपातासारख्या रोगांपासून मुक्त असल्याचा दाखला आहे का, आणि पैसे भ्रूण सोडल्यावर द्यायचे की गाभण असल्याची खात्री झाल्यावर, हे सगळे लेखी घ्यावे. गोऱ्हा झाला किंवा गर्भ पाचव्या महिन्यात पडला तर काय, हेही त्याच कागदावर असावे, कारण तोपर्यंतचा चारा आणि औषधपाणी ग्रहिता गाईच्या मालकाच्याच खिशातून गेलेले असते.